वॉटर्लूची लढाई कथलाच्या सैनिकांत उभी करणारा विल्यम सायबॉर्न शेवटी कर्जबाजारी का झाला?

लंडनच्या चेल्सी भागात ‘नॅशनल आर्मी म्युझियम’ आहे. तिथे काचेआड सुमारे ४०० चौरस फुटांचं एक रणांगण ठेवलेलं आहे. मुंबईतल्या वन रूम किचनएवढी जागा म्हणा ना. त्यावर टेकड्या आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत, कौलारू वाडे आहेत. आणि या सगळ्यात जेमतेम १० मिलिमीटर उंचीचे, रंगवलेले ७० हजारांहून जास्त सैनिक उभे आहेत.

ही वॉटर्लूची लढाई आहे. तारीख १८ जून १८१५, वेळ संध्याकाळचे सात-साडेसात. नेपोलियनने आपली शेवटची राखीव फौज, म्हणजे इंपीरियल गार्ड, पुढे पाठवली आणि युरोपचं भवितव्य ठरलं, तो हा क्षण.

आज जगभर हजारो हौशी लोक नेपोलियनच्या काळातल्या छोट्या फौजा रंगवतात, तळपट्ट्यांवर बसवतात आणि टेबलावर लढाया खेळतात. त्यांना पडणारे जवळपास सगळे प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडले होते. सैनिक केवढा करायचा? एका बाहुल्याने किती माणसं दाखवायची? जमीन आणि माणूस यांचं प्रमाण कसं जुळवायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कोण कुठे उभं होतं हे ठरवायचं कुणी?

त्या माणसाचं नाव विल्यम सायबॉर्न. गंमत म्हणजे तो स्वतः वॉटर्लूला लढलाच नव्हता. आणि या शेवटच्या प्रश्नापायी त्याने पैसा आणि आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली.

आधी वॉटर्लू थोडक्यात समजून घेऊ

बेल्जियममधल्या वॉटर्लू गावाजवळ त्या दिवशी तीन फौजा होत्या. नेपोलियनकडे साधारण ७२ हजार सैनिक होते. समोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार. पण वेलिंग्टनच्या फौजेत ब्रिटिश होते फक्त एक तृतीयांशाच्या आसपास. बाकीचे डच, बेल्जियन आणि वेगवेगळ्या जर्मन संस्थानांचे होते. तिसरी फौज होती फील्ड मार्शल ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याची. ती सकाळी रणांगणावर नव्हती. चिखल तुडवत ती दुपारी पोचायला लागली आणि अंधार पडेपर्यंत जवळपास ५० हजार प्रशियन सैनिक लढाईच्या टापूत आले होते.

वेलिंग्टन हे नाव महाराष्ट्राला नवीन नाही. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याच्या देशात त्याचा शब्द म्हणजे जवळपास कायदा होता.

इंग्लंडमध्ये वॉटर्लूची कहाणी सांगितली जायची ती अशी: वेलिंग्टनने दिवसभर टिच्चून तोंड दिलं, इंपीरियल गार्डला परतवून लावलं आणि लढाई जिंकली. प्रशियन शेवटी आले आणि पळणाऱ्या फ्रेंचांचा पाठलाग केला. प्रशियात हीच गोष्ट वेगळी सांगितली जायची: आम्ही वेळेवर आलो, नेपोलियनची बगल फोडली, म्हणून वेलिंग्टन वाचला.

म्हणजे प्रशियन सात वाजता नेमके कुठे होते, या एका गोष्टीवर विजयाचं श्रेय कुणाच्या पदरात किती पडणार, हे अवलंबून होतं. सायबॉर्नने आपल्या मॉडेलसाठी नेमकी तीच वेळ निवडली.

नकाशांत रमणारा लेफ्टनंट

सायबॉर्नचा जन्म १७९७ चा. वडील बेंजामिन सायबॉर्न ब्रिटिश सैन्याच्या ९ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये अधिकारी होते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात नीवेलच्या लढाईत ते जखमी झाले आणि १८१९ मध्ये वारले. विल्यम रॉयल मिलिटरी कॉलेजमध्ये शिकला आणि १८१३ मध्ये वडिलांच्याच रेजिमेंटमध्ये दाखल झाला. १८१५ मध्ये त्याला फ्रान्समध्ये पाठवण्यात आलं, पण तोपर्यंत वॉटर्लू होऊन गेलं होतं. तो गेला ते लढायला नव्हे, तर जिंकलेल्या मुलखावर ठेवलेल्या फौजेत.

युद्ध संपल्यावर तरुण अधिकाऱ्याला बढतीच्या संधी कमी असतात. पण सायबॉर्नच्या हातात एक कसब होतं. जमिनीचा चढउतार कागदावर हुबेहूब उतरवण्यात तो तरबेज होता. आज आपण नकाशावर समोच्च रेषा पाहतो आणि डोंगर-दरी ओळखतो. त्या काळी हे शास्त्र अजून घडत होतं. सायबॉर्नने लष्करी नकाशे कसे काढावेत यावर १८२२ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि १८२७ मध्ये दुसरं. १८२४ मध्ये त्याचं हेलन एटकेनशी लग्न झालं. १८२६ पासून तो आयर्लंडमधल्या सरसेनापतीच्या कार्यालयात सहायक लष्करी सचिव म्हणून डब्लिनला नोकरी करू लागला.

नोकरी सुरक्षित होती. कागदपत्रं, पत्रव्यवहार, वेळेवर पगार. तशीच चालू राहिली असती, तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

वाड्यात मुक्काम, आठ महिने

१८३० मध्ये ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती लॉर्ड हिल यांनी सायबॉर्नवर एक काम सोपवलं. लंडनमध्ये लष्करी संग्रहालय उभं राहत होतं, त्यासाठी वॉटर्लूचं मॉडेल हवं होतं. हिल स्वतः वॉटर्लूला लढलेले होते.

सायबॉर्न बेल्जियमला गेला आणि ‘ला हे सांत’ या शेतवाड्यात राहिला. हा वाडा वेलिंग्टनच्या आघाडीच्या मधोमध होता आणि लढाईच्या दिवशी तिथे भीषण रक्तपात झाला होता. तिथे मुक्काम ठोकून सायबॉर्नने आठ महिने रणांगणाची मोजणी केली. कुठे किती उतार, कुठे खोलगट रस्ता, कुठे कुंपण, कुठे झाडी, सगळं टिपून घेतलं.

यात एक मोठी अडचण होती. लढाईला १५ वर्षं झाली होती आणि रणांगण आता तसं राहिलं नव्हतं. नेदरलँड्सच्या राजाने आपला मुलगा जिथे जखमी झाला, तिथे स्मारक म्हणून सुमारे ४० मीटर उंचीची मातीची टेकडी उभारली होती आणि वर लोखंडी सिंह बसवला होता. हे काम १८२६ मध्ये पूर्ण झालं. एवढी माती आणली कुठून? शेजारूनच. ज्या उंचवट्यामागे वेलिंग्टनने आपली फौज लपवली होती, त्याचाच काही भाग खरवडून. म्हणजे लढाई ज्या जमिनीमुळे जिंकली गेली, तिचाच एक तुकडा आता नाहीसा झाला होता. सायबॉर्नला तो आपल्या मॉडेलमध्ये पुन्हा उभा करावा लागला.

शेकडो अधिकाऱ्यांना एकच प्रश्न

जमीन मोजता येते. पण १५ वर्षांपूर्वी सात वाजता कोणती तुकडी कुठे उभी होती, हे कसं मोजणार?

सायबॉर्नने यावर काढलेला उपाय त्या काळात फारसा कुणी वापरलेला नव्हता. त्याने वॉटर्लूला लढलेल्या आणि अजून हयात असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना छापील पत्रं पाठवली. सगळ्यांना साधारण सारखेच प्रश्न: इंपीरियल गार्ड चालून आली त्या सुमारास तुमच्या तुकडीची रचना काय होती? समोर शत्रूची रचना कशी होती? तुमच्या भोवतीच्या शेतात कोणतं पीक होतं?

पिकाचा प्रश्न वाचून नवल वाटेल. पण त्यामागे पक्का विचार होता. बेल्जियममध्ये जूनमध्ये राय हे धान्य माणसाच्या छातीच्याही वर वाढलेलं असतं. अशा शेतात शिरलेल्या सैनिकाला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. तेच शेत दिवसभराच्या लढाईत तुडवलं गेलं की सपाट मैदान होतं. कुणाला काय दिसलं असेल हे कळायचं तर कुठे काय उगवलं होतं, हे कळायला हवं.

उत्तरं येत गेली. त्यांची संख्या शेकड्यांत गेली. काही अधिकाऱ्यांनी पेन्सिलीने नकाशे काढून पाठवले. प्रशियन लष्कराकडूनही माहिती मिळाली. पण पत्रं जितकी जास्त, तितका गोंधळ जास्त. धुरात, आवाजात, भीतीत प्रत्येकाने आपल्यापुरतं पाहिलेलं. घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन तुकड्या इंपीरियल गार्डला आपणच परतवलं, असं सांगत होत्या. सायबॉर्न हे दावे एकमेकांशी ताडून पाहत होता, पुन्हा पत्रं लिहीत होता.

एका घटनेबद्दल प्रत्यक्ष पाहणाऱ्या शेकडो जणांना ठरलेले प्रश्न विचारून माहिती गोळा करणं, ही पद्धत आज संशोधनात रोजची आहे. १८३० च्या दशकात एका लेफ्टनंटने ती बाहुल्या कुठे ठेवायच्या हे ठरवण्यासाठी वापरली.

सरकारने हात वर केले

काम सुरू झालं तेव्हा खर्च सरकार करेल अशी त्याची समजूत होती. पण १८३० च्या अखेरीस सरकार बदललं. नवं व्हिग सरकार काटकसरीच्या मागे होतं आणि १८३३ मध्ये त्याने या मॉडेलसाठी पैसे द्यायला नकार दिला.

सायबॉर्नपुढे दोन वाटा होत्या. इतक्या वर्षांची मोजणी आणि पत्रव्यवहार गुंडाळून ठेवायचा किंवा स्वतःच्या जबाबदारीवर काम पूर्ण करायचं. त्याने दुसरी वाट धरली. उसनवारी केली, कर्ज काढलं, नोकरी सांभाळत काम चालू ठेवलं. मॉडेलचा एकूण खर्च सुमारे ३ हजार पौंडांवर गेला. त्या काळच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने ही रक्कम डोंगराएवढी होती.

एवढी मोठी लढाई टेबलावर बसवायची कशी?

आता मॉडेलकडे नीट पाहू. कारण टेबलावरची लढाई रचणाऱ्या प्रत्येकाला जे कोडं सोडवावं लागतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

सायबॉर्नने जमिनीसाठी प्रमाण धरलं एका मैलाला ९ फूट. म्हणजे मॉडेलवरचं अंतर खऱ्या अंतराच्या सुमारे ५८७ व्या भागाएवढं. या प्रमाणात २० मीटरचा उंचवटा फक्त साडेतीन सेंटिमीटरचा होतो. बघणाऱ्याला तो जाणवणारच नाही. आणि वॉटर्लूची सगळी लढाई तर उंचवटे आणि खोलगट भाग यांच्या जोरावर लढली गेली. म्हणून त्याने उंचीसाठी वेगळं प्रमाण धरलं: १८० वा भाग. आता तोच उंचवटा ११ सेंटिमीटरचा झाला आणि चढ डोळ्यांत भरू लागला.

सैनिकांची उंची १० मिलिमीटरच्या आसपास. खऱ्या माणसाच्या उंचीशी ताडून पाहिलं तर हे प्रमाणही साधारण १८० च्या जवळ येतं. म्हणजे बाहुला टेकडीच्या उंचीला शोभतो, पण जमिनीच्या लांबी-रुंदीच्या मानाने तो तिप्पट मोठा आहे. खऱ्या रांगेत एक सैनिक जितकी जागा घ्यायचा, तितक्या जागेत हा बाहुला मावत नाही. मग उपाय काय? एक बाहुला म्हणजे दोन सैनिक असं धरायचं. तरीही दाटी होतेच, पण तुकडीची लांबी आणि आकार नजरेला पटण्याजोगा राहतो.

आज टेबलावर खेळणारे हीच तडजोड आणखी ताणतात. एक बाहुला म्हणजे २० किंवा ३० सैनिक, असं धरलं जातं. त्यामुळे ६०० जणांची पलटण २० ते ३० बाहुल्यांत उभी राहते.

सायबॉर्नचे सैनिक कथील आणि शिशाच्या मिश्रधातूचे, ओतीव होते. त्यांना रंग दिला होता. १० मिलिमीटरच्या बाहुल्यावर डोळे-नाक रंगवून काही उपयोग नसतो. तिथे महत्त्वाचा असतो तो रंगांचा ठसा. ब्रिटिश पायदळाचा लाल डगला, बंदूकधारी रायफल पथकांचा गडद हिरवा, फ्रेंचांचा निळा. प्रशियनांचाही निळाच, पण अधिक गडद. प्रत्यक्ष लढाईतही धुरात या निळ्यांचा घोळ झाला होता आणि दोस्तांनी दोस्तांवर गोळ्या झाडल्या होत्या.

वाद पेटला: प्रशियन किती पुढे आले होते?

सगळी माहिती जुळवल्यावर सायबॉर्न एका निष्कर्षावर आला. सात वाजण्याच्या सुमारास प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने लढाईत उतरलेलं होतं. नेपोलियनच्या उजव्या बगलेला प्लांसनवा गावात ते फ्रेंचांशी झुंजत होते. त्याच्या हिशेबाने ही संख्या सुमारे ४८ हजार होती. त्याने मॉडेलवर त्यांना तसंच दाखवायचं ठरवलं.

ही गोष्ट वेलिंग्टनच्या वर्तुळाला रुचली नाही. सरसेनापतीचे लष्करी सचिव होते लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट. वॉटर्लूला वेलिंग्टनच्या जवळ असताना त्यांनी उजवा हात गमावला होता. सायबॉर्नचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या कार्यालयातून पुढे जायचा. सायबॉर्नने आपला आराखडा ड्यूकच्या नजरेखालून जावा म्हणून पाठवला. त्यावर आक्षेप आला. मॉडेल पाहणाऱ्याच्या मनात प्रशियनांच्या वाट्याबद्दल चुकीची समजूत होईल, असा त्याचा रोख होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा आक्षेप पूर्णपणे पोकळ नव्हता. दहा तासांच्या लढाईतला एकच क्षण गोठवला की आधीचे सात-आठ तास दिसत नाहीत. प्रशियन पोचेपर्यंत वेलिंग्टनच्या फौजेने काय सोसलं, ते असं मॉडेल सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूला, तो क्षण दाखवायचा ठरल्यावर त्या क्षणी हजर असलेल्या हजारो माणसांना वगळायचं कसं, हा सायबॉर्नचा प्रश्नही तितकाच रास्त होता.

सायबॉर्न लष्करी नोकरीत होता. त्याच्यावर कर्ज होतं. मॉडेल विकत घेतील अशी आशा ज्यांच्याकडून होती, तेच लोक नाराज होते. तो बराच काळ अडून राहिला. पण शेवटी त्याने मॉडेलवरून सुमारे ४० हजार प्रशियन सैनिकांच्या जागी उभे असलेले बाहुले काढून टाकले.

हे दबावाखाली झालं की नवी माहिती पाहून त्याचं मत खरंच बदललं, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. काहींच्या मते सायबॉर्नला वाकवण्यात आलं. काहींच्या मते वेलिंग्टनविरुद्धचा हा आरोप वाजवीपेक्षा जास्त ताणलेला आहे. निकाल काहीही असो, परिणाम एकच झाला. आज म्युझियममध्ये मॉडेल पाहणाऱ्याला प्रशियन सायबॉर्नच्या पहिल्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी दिसतात.

लाख लोक आले, पण कर्ज फिटलं नाही

४ ऑक्टोबर १८३८ रोजी लंडनच्या पिकाडिली भागातल्या ‘इजिप्शियन हॉल’मध्ये मॉडेल लोकांसाठी खुलं झालं. तिकीट एक शिलिंग. टीव्ही नाही, सिनेमा नाही, फोटोही नाहीत असा तो काळ. वॉटर्लूबद्दल लोकांनी ऐकलेलं होतं, चित्रं पाहिलेली होती. पण अख्खी लढाई वरून, पक्ष्याच्या नजरेने पाहायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. सुमारे १ लाख लोक येऊन गेले.

एवढं असूनही सायबॉर्नचे पैसे वसूल झाले नाहीत. हातातून खर्च झालेली रक्कम परत आली नाही आणि मॉडेल सरकारने किंवा एखाद्या संस्थेने विकत घ्यावं म्हणून केलेले प्रयत्नही त्याच्या हयातीत फळले नाहीत.

माणूस इथे थांबला असता तर कुणी दोष दिला नसता. सायबॉर्नने दुसरं मॉडेल करायला घेतलं. या वेळी त्याने क्षण निवडला दुपारचा: फ्रेंच सेनापती देर्लाँच्या पायदळावर ब्रिटिश घोडदळाने केलेला हल्ला. रणांगणाचा थोडाच भाग, पण बाहुले पहिल्यापेक्षा बरेच मोठे. हे मॉडेल १८४४ मध्ये लोकांपुढे आलं. आज ते इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या ‘रॉयल आर्मरीज’ संग्रहालयाकडे आहे. या मॉडेलमध्ये प्रशियनांचा प्रश्नच येत नाही, कारण त्या वेळी ते तिथे पोचलेलेच नव्हते.

त्याच वर्षी त्याचा दोन खंडांचा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये १८१५ साली झालेल्या युद्धाचा हा इतिहास त्याच पत्रांच्या आधारावर लिहिलेला होता. त्याच्या लागोपाठ आवृत्त्या निघाल्या. वॉटर्लूवर पुढे इंग्रजीत जे काही लिहिलं गेलं, त्यातल्या बऱ्याच लिखाणाचा पाया हा ग्रंथ ठरला.

अखेरची वर्षं

१८४३ मध्ये सायबॉर्नला लंडनला चेल्सीत ‘रॉयल मिलिटरी असायलम’मध्ये सचिव आणि अॅडज्युटंट म्हणून नेमण्यात आलं. नावावर जाऊ नका. ही सैनिकांच्या मुलांसाठीची निवासी शाळा होती. आज तीच इमारत ‘साची गॅलरी’ या कलादालनासाठी ओळखली जाते.

जानेवारी १८४९ मध्ये सायबॉर्न वारला. वय अवघं ५१. त्याला लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीत पुरण्यात आलं. वेलिंग्टन त्याच्यानंतर तीन वर्षांहून अधिक जगला.

ज्या मॉडेलला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, ते दोनच वर्षांनी, १८५१ मध्ये विकलं गेलं. लष्करी रेजिमेंटांकडून वर्गणी गोळा झाली आणि ‘युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन’ने ते घेतलं. तेच संग्रहालय, ज्याच्यासाठी १८३० मध्ये कामाला सुरुवात झाली होती. पुढे ते संग्रहालय बंद पडल्यावर मॉडेल नॅशनल आर्मी म्युझियमकडे आलं. सायबॉर्नने शेवटची नोकरी जिथे केली, ती जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि ती पत्रं? त्याचा मुलगा हर्बर्ट टेलर सायबॉर्न सैन्यात मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. त्याने १८९१ मध्ये वडिलांकडे आलेल्या पत्रांमधली निवडक पत्रं पुस्तकरूपाने छापली. मूळ पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर संशोधन करणारा कुणीही त्यांना वळसा घालून जाऊ शकत नाही.

टेबलावर फौज रचणारे आज काय करतात?

सायबॉर्नचं मॉडेल खेळण्यासाठी नव्हतं. त्यातले सैनिक हलत नाहीत. लढाईचा खेळ म्हणून विकास झाला तो प्रशियात. राइसविट्झ पितापुत्रांनी तिथे ‘क्रीग्सश्पील’ तयार केला आणि मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. तो नकाशावर, छोट्या ठोकळ्यांनी खेळला जायचा आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. घरातल्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक घेऊन लढण्याचा खेळ लोकप्रिय झाला तो लेखक एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकानंतर.

आजचा छंद या दोन्हींच्या मधला आहे. नियम खेळाचे, पण फौजेचं रूप सायबॉर्नच्या मॉडेलसारखं. बाहुले धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, ६, १५ किंवा २८ मिलिमीटरचे. आधी साच्याच्या कडांवर राहिलेली रेघ कानशीने घासून काढायची, मग अस्तराचा रंग मारायचा. त्यावर मूळ रंग, मग खोबणीत उतरणारा पातळ गडद रंग, शेवटी उंचवट्यांवर फिकट छटा. रंग टिकावा म्हणून वर व्हार्निश.

यात खरा वेळ जातो तो गणवेशाच्या तपशिलात. ब्रिटिश पायदळाचा डगला लालच, पण कॉलर आणि बाहीच्या पट्टीचा रंग रेजिमेंटनुसार बदलायचा. पिवळी, हिरवी, निळी, पांढरट. पट्टी चुकली की रेजिमेंट चुकली. आणि वॉटर्लूची फौज असेल तर विजारींवर चिखलाचे शिंतोडे हवेतच, कारण आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता.

मग येतं बाहुले तळपट्टीवर बसवणं. एका चौकोनी पट्टीवर चार, सहा, आठ सैनिक चिकटवतात. भोवती गोंद लावून वाळू पसरतात, ती रंगवतात, वर कोरड्या ब्रशने फिकट छटा देतात आणि कृत्रिम गवत लावतात. दिसायला ही सजावट, पण पट्टीची रुंदी म्हणजे त्या तुकडीने रणांगणावर व्यापलेली जागा. पट्टी मोठी घेतली तर तीच पलटण दुप्पट मैदान अडवते. लाकडी पट्टी कापताना मनातल्या मनात हिशेब करणारा आजचा हौशी माणूस आणि मैलाला ९ फूट हे प्रमाण ठरवणारा सायबॉर्न, दोघांचं गणित तेच आहे.

फरक एवढाच की आजच्या टेबलावर प्रशियन किती ठेवायचे आणि त्यांनी कधी यायचं, हे खेळणारे आपसांत ठरवतात. कुणी त्यांना दुपारी चारला आणतं, कुणी सहाला. आणि त्या एका निर्णयाने लढाई कुणीकडे झुकते, हे त्यांना दर वेळी नव्याने कळतं. सायबॉर्नला ते पत्रांच्या ढिगाऱ्यातून कळलं होतं. त्याची किंमत मात्र त्याला स्वतःच्या खिशातून आणि मॉडेलवरच्या हजारो बाहुल्यांनी चुकवावी लागली.